पणजीचा पिनकोड घ्या आणि मोठी मूळ संख्या स्वतःच्या हाताने तपासा

पणजीचा पिनकोड ४०३००१ ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडली तर दुसऱ्या कुठल्याच संख्येने तिला पूर्ण भाग जात नाही. मला हे गेल्या जुलैत कळलं. डिचोलीला बहिणीकडे गेलो होतो, पाऊस धो धो, लाईट गेलेली, आणि भाची कंदिलासारखी मोबाईलची बॅटरी लावून गणिताची वही घेऊन बसलेली. तिने विचारलं, मामा, दोन-तीन आकडी मूळ संख्या ओळखता येते रे, पण मोठी असली तर कशी ओळखायची? टेबलावर पोस्टाने आलेलं एक पाकीट होतं, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात पणजीचा पिन होता, म्हटलं हीच घेऊया, पाच मिनिटांत कुठल्यातरी संख्येने भाग जाईल आणि विषय संपेल. पाच मिनिटांत काही संपलं नाही, दोन संध्याकाळी गेल्या, आणि त्या दोन संध्याकाळीत एकाच संख्येतून जेवढं गणित बाहेर आलं तेवढं मी कॉलेजच्या तीन वर्षांत शिकलो नव्हतो असं मनापासून वाटतं. म्हणून आम्ही जे केलं ते सगळं क्रमाने लिहितोय, तुम्हीही करून बघा.

लागणारं सामान म्हणजे एक कोरी वही, पेन आणि फोनचा कॅल्क्युलेटर. दुकानातला आठ आकडी कॅल्क्युलेटर चालणार नाही, कारण पुढे अकरा-बारा आकड्यांचे गुणाकार येतात आणि तो शेवटचे आकडे खाऊन टाकतो. फोन आडवा धरला की बहुतेक कॅल्क्युलेटर जास्त आकडे दाखवतात, तेवढं पुरतं.

पहिलं काम म्हणजे कुठपर्यंत भागायचं ते ठरवणं. बरेच जण इथेच घाबरतात, चार लाख संख्यांनी भागायचं की काय! नाही. ४०३००१ चं वर्गमूळ ६३४ आणि थोडं वर येतं (६३५ चा वर्ग ४०३२२५, तो आधीच मोठा झाला). आता समजा ही संख्या दोन संख्यांचा गुणाकार असती, तर दोन्ही ६३४ च्या वरच्या असू शकत नाहीत, कारण मग गुणाकारच ४०३००१ च्या पुढे जाईल. म्हणजे एक तरी अवयव ६३४ किंवा त्याच्या आत हवा. आणि भागायचं तेही फक्त मूळ संख्यांनी, कारण ३ ने भाग गेला नाही तर ६, ९, १२ ने जाण्याचा प्रश्नच येत नाही. ६३४ पर्यंत मूळ संख्या आहेत ११५, शेवटची ६३१. त्यांची यादी काढायला शाळेतलीच पद्धत, २ ते ६३४ आकडे लिहायचे, २ ठेवून तिच्या पाढ्यातले पुढचे आकडे खोडायचे, मग तसंच ३ चे, ५ चे, ७ चे, असं २३ पर्यंत खोडत गेलं की उरतात त्या मूळ. एराटोस्थेनिसची चाळणी म्हणतात ती हीच, दोन हजार वर्षांहून जुनी आहे आणि अजूनही कागदावर हिच्यापेक्षा सोपं काही नाही.

आता भागायला लागायच्या आधी एक युक्ती, ती गोव्याच्या पिनकोडांसाठी तर फारच कामाची आहे. ७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे सहा आकडी संख्येचे तीन-तीन आकड्यांचे दोन तुकडे करायचे आणि मागच्यातून पुढचा वजा करायचा, जे येईल त्याला ७, ११ किंवा १३ ने भाग गेला तर मूळच्या संख्येलाही जातो, नाहीतर नाही. गोव्याचे सगळे पिन ४०३ ने सुरू होतात, म्हणजे फक्त शेवटच्या तीन आकड्यांतून ४०३ वजा करायचे. मडगाव ४०३६०१, ६०१ वजा ४०३ बरोबर १९८, १९८ म्हणजे ११ × १८, म्हणजे मडगाव गेलं, ११ ने भाग जातो. म्हापसा ४०३५०७, ५०७ वजा ४०३ बरोबर १०४, म्हणजे १३ × ८, म्हापसाही गेलं. फोंडा ४०३४०१ ला तर ही युक्तीसुद्धा नको, आकड्यांची बेरीज १२, ३ ने भाग. वास्को ४०३८०२ आणि डिचोली ४०३५०४ समसंख्याच आहेत. (डिचोली असं पहिल्याच फटक्यात गेलं याचं भाचीला जरा वाईट वाटलं.) आणि पणजी? १ वजा ४०३ म्हणजे −४०२. ४०२ ला ७ ने भागलं तर ३ उरतात, ११ ने भागलं तर ६, १३ ने भागलं तर १२. एकानेही जात नाही.

शिवाय ४०३ हीच संख्या १३ × ३१ आहे. म्हणून ४०३००० ला १३ ने आणि ३१ ने पूर्ण भाग जातो आणि ४०३००१ ला भागलं की दोन्हीकडे बाकी १. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग उरलेले भागाकार. याला शॉर्टकट नाही, बसून करायचे. वहीत तीन रकाने आखा, पहिल्यात कशाने भागलं, दुसऱ्यात भागाकार, तिसऱ्यात बाकी. फोनवर ४०३००१ भागिले ६७ केलं की ६०१४ आणि पुढे दशांश येतात, त्यातले ६०१४ घ्यायचे, ६०१४ × ६७ = ४०२९३८, वजा करून बाकी ६३. नुसतं "दशांश आले, नाही जात" असं टिक करून पुढे जाऊ नका, बाकी लिहाच. दोन कारणं. एक म्हणजे या बाक्या नंतर फुकटात दुसऱ्या कामाला येतात, सांगतो पुढे. दुसरं म्हणजे चूक सापडते. आमचंच बघा, भाची ६१९ वर आली आणि ओरडली, मामा गेला गेला, ६१९ × ६५१ बरोबर ४०३००१! मी क्षणभर खट्टू झालो. मग तिला म्हटलं फोन ठेव बाजूला, फक्त शेवटचा आकडा बघ. ९ × १ = ९. ज्या गुणाकाराचा शेवट ९ ने व्हायला हवा त्याचा शेवट १ ने कसा होईल? परत केलं तर ४०२९६९, बाकी ३२. घाईत तिने फोनवर दिसलेला आकडा सोडून डोक्यातला आकडा लिहिला होता. मोठ्या संख्यांशी काम करताना शेवटचा आकडा हा तुमचा चौकीदार आहे, प्रत्येक गुणाकाराला तो बघायचाच.

६३१ ला बाकी ४२३ आली आणि यादी संपली. ११५ मूळ संख्यांपैकी एकानेही भाग गेला नाही. म्हणजे ४०३००१ मूळ, यात आता शंका नाही, हा पुरावाच आहे.

बरं, या संख्येच्या आसपास अशी संख्या सापडणं किती दुर्मीळ? मूळ संख्या जशा मोठ्या होतात तशा विरळ होत जातात पण त्या विरळ होण्याला एक हिशोब आहे, कुठल्याही संख्येजवळ साधारण किती संख्यांमागे एक मूळ सापडेल हे त्या संख्येच्या नैसर्गिक लॉगवरून कळतं. फोनमध्ये एलएन असं बटण असतं, त्यात ४०३००१ टाका, १२.९ येतील. म्हणजे इथे साधारण तेरा संख्यांमागे एक, आणि ४०३००० ते ४०३९९९ या हजारात सत्त्याहत्तरच्या आसपास असायला हव्यात. हे सरासरीचं झालं. नेमकी कुठली संख्या मूळ निघेल हे या हिशोबावरून सांगता येत नाही, आणि मूळ संख्यांची खरी गंमत आणि खरं दुखणं दोन्ही तिथेच आहे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी (जन्म ३१ जुलै १९०७) आपल्याला इतिहासकार म्हणून माहीत आहेत पण ते मुळात गणिती होते, आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी मूळ संख्या कशा पसरलेल्या आहेत या प्रश्नाला संभाव्यतेच्या बाजूने हात घातला होता. त्यांची मांडणी गणितज्ञांनी स्वीकारली नाही. मूळ संख्यांच्या याच पसरण्याशी जोडलेलं रीमान या जर्मन गणितज्ञाचं अनुमान आजही सुटलेलं नाही, आणि या प्रश्नावर गोव्याचा एक माणूस इतक्या जिद्दीने बसला होता ही गोष्ट इथल्या शाळांत मुलांना सांगायला हवी असं मला फार वाटतं.

आता दुसरी संध्याकाळ. संख्या मूळ आहे हे कळलं, पण तिचे गुण काय? इथून पुढे खरी मजा.

फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये एक गोष्ट सांगितली. संख्या मूळ असेल तर २ ला (किंवा तिने भाग न जाणाऱ्या कुठल्याही संख्येला) त्या मूळ संख्येपेक्षा एक कमी इतक्या वेळा गुणलं आणि मग तिनेच भागलं, तर बाकी नेहमी १ उरते. ७ वर बघा, २ चा ६वा घात ६४, ६४ ला ७ ने भागलं, बाकी १. आपल्याला २ चा ४०३०००वा घात हवा, त्यात एक लाख एकवीस हजारांहून जास्त आकडे असतील, तो कोण लिहिणार! पण लिहायची गरजच नाही. प्रत्येक गुणाकारानंतर ४०३००१ ने भागून फक्त बाकी ठेवायची, बाकीचं टाकून द्यायचं, उत्तरात फरक पडत नाही. आणि ४०३००० चे तुकडे पाडायचे, ३१ × १३ × १२५ × ८, तो ४०३ बरोबर १३ × ३१ इथे कामाला आला.

आधी २ चा ३१वा घात, २,१४,७४,८३,६४८. भागा ४०३००१ ने, भागाकार ५३२८, बाकी २९४३२०. बाकी अर्ध्यापेक्षा मोठी असली की ४०३००१ वजा करून उणे करून घ्या, आकडे लहान राहतात, इथे −१०८६८१. याचा वर्ग ११,८१,१५,५९,७६१ आणि त्याची बाकी फक्त ३४५२ येते, बघा किती आटोपशीर झालं. हा झाला २ च्या ३१व्या घाताचा २रा घात, याचा वर्ग करून ४था, त्याचा वर्ग करून ८वा, आणि ८वा × ४था × १ला म्हणजे १३वा. तुमचं बरोबर चाललंय का बघायला खुणेचा दगड देतो, इथपर्यंत बाकी −१२३१६७ यायला हवी. मग १२५ साठी (५ × ५ × ५) त्याचा ५वा घात, −१७४४३. पुन्हा ५वा, ४९६०५. पुन्हा एकदा ५वा. या शेवटच्या पायरीला भाची फोनवर आकडे दाबत होती आणि मी वहीत लिहीत होतो, ४९६०५ च्या ४थ्या घाताची बाकी १०८०६०, म्हणून १०८०६० × ४९६०५ = ५,३६,०३,१६,३००. आणि ४०३००१ × १३३०१ = ५,३६,०३,१६,३०१. एक फक्त कमी! बाकी −१. आम्ही दोघं त्या दोन ओळींकडे नुसते बघत बसलो, इतके उलटेसुलटे आकडे येत होते सगळीकडून आणि शेवटी ३०० आणि ३०१. उरला ८, म्हणजे तीनदा वर्ग करायचा, −१ चा वर्ग १, मग १ च राहतो. फर्माचं म्हणणं डोळ्यांसमोर खरं ठरलं.

एक सावधगिरी सांगून ठेवतो कारण हे अर्धवट सांगितलेलं मी बऱ्याचदा ऐकलंय. बाकी १ आली नाही तर संख्या नक्की मूळ नाही. पण बाकी १ आली म्हणून ती नक्की मूळ आहे असं होत नाही. ३४१ घ्या, ती ११ × ३१ आहे, तरी २ च्या ३४०व्या घाताला तिने भागलं तर बाकी १ येते. ५६१ तर त्याहून बेरकी, ३ × ११ × १७ असूनसुद्धा तिच्याशी सामाईक अवयव नसलेली कुठलीही संख्या घ्या, ती परीक्षेत पास होते. म्हणून ही परीक्षा चाळणीसारखी वापरायची, शेवटचा निकाल वेगळ्या पुराव्याने लावायचा. आपण ११५ भागाकार आधीच केलेत म्हणून निर्धास्त आहोत. शंभर-दोनशे आकडी संख्येला भागाकार करत बसणं शक्य नाही, तिथे वेगळ्या पद्धती लागतात, आणि मूळ आहे की नाही याचा पक्का निकाल कुठल्याही संख्येसाठी माफक वेळात लावता येतो हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितिन सक्सेना यांनी सिद्ध केलं. शेकडो वर्षं लोक शोधत होते ते आपल्या देशात सापडलं.

पुढचा गुण मला सगळ्यात आवडतो. ४ ने भागल्यावर बाकी १ उरते अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, आणि ती एकाच प्रकारे. ५ म्हणजे १ अधिक ४, १३ म्हणजे ४ अधिक ९, २९ म्हणजे ४ अधिक २५. हेही फर्मानेच सांगितलं, पुरावा दिला शंभरेक वर्षांनी ऑयलर या स्विस गणितज्ञाने. ४०३००१ ला ४ ने भागलं तर बाकी १, म्हणजे दोन वर्ग असायलाच हवेत. शोधायचे कसे? एक वर्ग सम असणार एक विषम. समाच्या बाजूने एकेक वजा करत जा आणि उरलेला वर्ग आहे का बघा, तीनशे-सव्वातीनशे प्रयत्न. पण आपल्याकडे एक धागा आहे. मघाशी ४०३००० च्या आठव्या भागाइतक्या घाताला बाकी −१ आली, म्हणजे चौथ्या भागाइतक्या घाताला १ येणार, आणि गाऊसने दाखवून ठेवलंय की असं असलं तर तो सम वर्ग ज्याचा, त्या संख्येला ८ ने भाग जातो. म्हणजे ८, १६, २४ असे ८ च्या पाढ्यातलेच बघायचे, ७९ उरले. त्यातही वर्गाला ३ ने भागलं तर बाकी कधी २ येत नाही, ५ ने भागलं तर कधी २ किंवा ३ येत नाही, असं ३, ५, ७, ११, १३ ने गाळत गेलो तर ७९ पैकी राहिले फक्त सहा: ४०, १३६, ३७६, ४१६, ५६०, ५८४. एकेक करून बघितले. ४० नाही, १३६ नाही, ३७६ नाही, ४१६ नाही. ५६० चा वर्ग ३१३६००, ४०३००१ मधून गेला तर उरले ८९४०१. भाची म्हणाली ३०० चा वर्ग नव्वद हजार, म्हणजे २९९ असेल का, आणि २९९ × २९९ केलं तर ८९४०१. लाईट तोवर आली होती पण कुणाच्या लक्षात नाही.

म्हणजे पणजीचा पिन म्हणजे २९९ चा वर्ग अधिक ५६० चा वर्ग, आणि दुसरी कुठलीच जोडी नाही. यातून आणखी एक मिळतं. ५६० चा वर्ग वजा २९९ चा वर्ग २२४१९९, आणि दोघांच्या गुणाकाराची दुप्पट ३३४८८०. या दोन बाजूंचा काटकोन त्रिकोण काढलात तर कर्ण बरोबर ४०३००१. पायथागोरसच्या धड्यात ३-४-५ आणि ५-१२-१३ च्या पुढे कुणी नेत नाही, मुलांना हा द्या.

दशांशाचंही एक आहे, थोडक्यात सांगतो. १ भागिले ७ केलं की १४२८५७ हे सहा आकडे परत परत येतात, आणि सहा म्हणजे ७ पेक्षा एक कमी. प्रत्येक मूळ संख्येला (२ आणि ५ सोडून) हा परत येणारा तुकडा तिच्यापेक्षा एक कमी संख्येला पूर्ण भाग जाईल इतक्याच लांबीचा असतो, १३ चा तुकडा ०७६९२३, सहाच, आणि १२ ला ६ ने भाग जातो. आपल्या संख्येचा तुकडा असाच ४०३००० चा विभाजक, आणि २०१५०० च्या पुढे नाही. तो लिहून काढायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

आता त्या बाक्या काढा, तिसऱ्या रकान्यातल्या. शेजारची विषम संख्या ४०३००३ मूळ आहे का? नव्याने ११५ भागाकार करायची गरज नाही. प्रत्येक बाकीत २ मिळवायचे आणि भाजकाइतकी झाली का एवढंच बघायचं. ३७ ला बाकी ३४ होती, ३६ झाली, वाचली. ६७ ला ६३ ची ६५. ४३९ ला मूळच्या संख्येला एकच कमी पडत होता, म्हणजे ४०३००२ ला ४३९ ने भाग जातो, ४०३००३ ला बाकी १. पाच मिनिटांत सगळा रकाना उतरून गेला आणि एकही जुळली नाही. ४०३००३ पण मूळ! म्हणजे ४०३००१ आणि ४०३००३ ही जोडमूळ संख्यांची जोडी आहे, ३-५, ११-१३, १७-१९ सारखी. मधली ४०३००२ ला ६ ने भाग जायलाच हवा (५ च्या पुढच्या सगळ्या जोड्यांत मधली ६ च्या पाढ्यातलीच असते, कारण तीन लागोपाठ संख्यांतली एक तरी ३ च्या पाढ्यातली, आणि दोन विषमांच्या मधली सम), आणि जातो, ती २ × २७ × १७ × ४३९ आहे. जोडीतली दोघं मात्र स्वभावाने अगदी वेगळी. ४०३००३ ला ४ ने भागलं तर बाकी ३, आणि वर्गाची बाकी ४ ने भागल्यावर ० किंवा १ च येते, दोन वर्गांची मिळून ३ होणारच नाही, म्हणजे ही कधीच दोन वर्गांची बेरीज होऊ शकत नाही. सख्खी शेजारीण, पण एकीला जमतं ते दुसरीला नाही.

अशा जोड्या कधी संपतात की नाही, हे आजही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. २०१३ मध्ये यितांग झांग यांनी दाखवलं की ७ कोटींपेक्षा कमी अंतरावरच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत, वर्षभरात बाकीच्यांनी मिळून ते ७ कोटी २४६ पर्यंत खाली आणले, पण २ पर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही.

सहा आकडी संख्येचा हात धरता आला की मोठ्यांकडे जायला भीती वाटत नाही. मघाचा २ चा ३१वा घात आठवतोय? त्यातून १ वजा करा, २,१४,७४,८३,६४७. हीही मूळ आहे, ऑयलरने १७७२ मध्ये हाताने दाखवलं. हिचं वर्गमूळ ४६ हजारांच्या वर, म्हणजे हजारो भागाकार, पण ऑयलरला माहीत होतं की २ च्या मूळ घातातून १ वजा केलेल्या संख्येचे अवयव ठराविक साच्याचेच असतात, घाताच्या दुपटीच्या पाढ्यातला आकडा अधिक १. २ चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७, ती २३ × ८९, आणि २३ म्हणजे २२ अधिक १, ८९ म्हणजे ८८ अधिक १. त्यामुळे त्याला फार थोडे भाजक तपासावे लागले. या जातीच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. बरेच कॉम्प्युटर सेकंद मोजताना याच २,१४,७४,८३,६४७ वर अडतात, १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी त्यांचा आकडा भरतो, जुन्या सिस्टीम तोवर बदलायला हव्यात.

आज माहीत असलेल्या सगळ्यात मोठ्या मूळ संख्यांत २ चा १३,६२,७९,८४१वा घात वजा १ ही आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांनी गिम्प्स या प्रकल्पातून (जगभरचे हौशी लोक आपापल्या कॉम्प्युटरवर मर्सेन मूळ संख्या शोधतात तो) शोधलेली. ती संपूर्ण बघणं हौसेचं काम आहे पण तिच्याबद्दल तीन गोष्टी तुम्ही घरी काढू शकता. आकडे किती, ते असं: घात गुणिले २ चा लॉग (मघाचा नैसर्गिक नाही, १० च्या पायाचा). इथे लॉग ०.३०१०३ एवढाच घेतलात तर ४,१०,२४,३२०.५ येतं आणि पुढचा पूर्णांक धरून उत्तर एकाने चुकतं, एवढ्या मोठ्या घाताला पाचव्या दशांशापुढचा फरकही अर्ध्याहून जास्त होतो. ०.३०१०२९९९५६६४ घ्या, ४,१०,२४,३१९.९४५३ येतं, म्हणजे आकडे ४,१०,२४,३२०. त्यातला दशांशाचा भाग ०.९४५३ घेऊन १० चा तेवढा घात काढा, ८.८१६ च्या आसपास, म्हणजे संख्येची सुरुवात ८८१ ने होते. आणि शेवट? २ च्या घातांचे शेवटचे दोन आकडे वीस-वीसने परत येतात, १३,६२,७९,८४१ ला २० ने भागलं तर बाकी १, म्हणून २१व्या घातासारखा शेवट, २०९७१५२, म्हणजे ५२, त्यातून १ गेला, ५१. चार कोटी आकड्यांच्या संख्येचं डोकं आणि शेपूट फोनवर सापडलं.

मर्सेन संख्या मूळ आहे का हे तपासायची पद्धत (ल्युका आणि लेमर यांची) इतकी सोपी आहे की भाचीने ती पणजीहून डिचोलीला येताना कदंब बसमध्ये बसून केली. ४ ने सुरू करायचं, वर्ग करून २ वजा करायचे, संख्येने भागून बाकी घ्यायची, परत तेच, घातापेक्षा दोन कमी इतक्या वेळा. शेवटी बाकी ० आली तर मूळ, नाहीतर नाही, आणि हा फर्मासारखा अंदाज नाही, पक्का निकाल आहे. १२७ घ्या, म्हणजे २ चा ७वा घात वजा १, पाच पायऱ्या: ४ वरून १४, मग १९४ ची बाकी ६७, मग ४४८७ ची बाकी ४२, मग १७६२ ची १११, मग १२३१९, ती बरोबर १२७ × ९७, बाकी ०. याच पद्धतीचं सुरुवातीचं रूप वापरून ल्युकाने १८७६ मध्ये २ चा १२७वा घात वजा १ ही ३९ आकडी संख्या हाताने मूळ ठरवली, आणि पुढची ७५ वर्षं तिच्याहून मोठी कुणाला सापडली नाही.

तुम्ही ८१९१ करून बघा. ती २ चा १३वा घात वजा १ आहे, अकरा पायऱ्या, वहीचं एक पान पुरतं. अकराव्या पायरीला बाकी ० यायला हवी. नाही आली तर मागे जाऊन प्रत्येक गुणाकाराचा शेवटचा आकडा बघा, चूक बहुतेक तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या वजाबाकीत असते.